धोंडूची पुटपुट

वाईच्या ग्रंथप्रयोगशाळेत डॉ. उषःप्रभा मेढेकरांचा आवाज चढला, की खालच्या मजल्यावरची माणसं ओळखायची, शिक्षण मंडळाचा फोन येऊन गेला. आजही तसंच होतं. बाहेर कृष्णेवर पांढरं धुकं पसरलं होतं, पलीकडचा घाट दिसत नव्हता, देवळाचा कळस तेवढा अधांतरी तरंगत होता. इतकी गोड सकाळ, आणि बाई टेबलावर हात आपटत होत्या.

टेबलावर दोन पुस्तकं होती. दोन्ही गणिताची, एकाच इयत्तेची, एकाच कारखान्यातून निघालेली. एक पापडासारखं बारीक. दुसरं फुगून भाकरीच्या चवडीएवढं झालेलं.

"अत्तार, सांगा बघू, यातलं हुशार मुलाचं कोणतं?"

नासिर अत्तार प्रयोगशाळेत नवा होता. आधी तो पाचगणीच्या पठारावर नभनौकांच्या कारखान्यात कापडाचा अभियंता होता. इंधन परवडेनासं झाल्यापासून डोंगरापलीकडचा सगळा माल या हलक्या वायूने भरलेल्या लांबुडक्या नौकांतून जात असे. कापडाची नस न नस अत्तारला ठाऊक, पण हा कागद त्याला अजून परका होता.

"बारीक?" तो चाचरत म्हणाला.

"झालं! तुम्हीसुद्धा त्यांच्यातलेच!" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हा कागद ऐकतो. अडलेला माणूस पुटपुटतो ना, 'आता हे कुठून आलं?' ते तो ऐकतो. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, समासात उमटतो आणि त्याखाली उत्तर उलगडतं. तेवढी शाई तिथे गोळा होते आणि पान सुजतं."

"आणि कळल्यावर?"

"बोटाखालची नाडी शांत झाली, शेजारचं गणित बरोबर सुटलं, की प्रश्नही गेला आणि उत्तरही गेलं. पान पुन्हा सपाट. कागदाचं पोट ते केवढं! सगळं कायमचं धरून कसं ठेवील?"

"मग ज्यानं सगळं विचारून समजून घेतलं त्याचं पुस्तक बारीक," अत्तार विचार करत म्हणाला, "आणि ज्यानं तोंडच उघडलं नाही त्याचंही बारीकच."

"बरोब्बर! हे तुम्हाला दोन मिनिटांत कळलं. मंडळाला मी कंठशोष करून सांगितलं, तरी त्यांनी काय करावं? परीक्षाच बंद केल्या! म्हणाले, वर्षाच्या शेवटी पुस्तकाची सूज मोजू. बारीक तो हुशार, फुगीर तो ढ. मी पुस्तक केलं आणि त्यांनी त्याचा तराजू करून टाकला."

"म्हणजे मुलं आता विचारतच नसतील."

"कशाला विचारतील? तोंड उघडलं की गुण गेला! ओठ आवळून घोकतात बापडी. मागच्या साली एका माउलीनं पोराच्या तोंडाला रुमाल बांधला होता, अभ्यास करता करता पुटपुटेल म्हणून." बाई खुर्चीत बसल्या. "आणि नवी पुस्तकं तर राजेरजवाड्यांनी घ्यावीत अशा भावाची. मग सगळं गाव जुन्यांच्या बाजारात. तिथे पहिल्या आलेल्याच्या बारीक पुस्तकावर उड्या पडतात. हुशारी काय गोवरासारखी लागते का हो? त्या सपाट पुस्तकात काय असतं? 'म्हणून उत्तर सात.' मधलं काही नाही."

"पण अडलेल्यानं विचारलं तर ते उघडेल की."

"उघडेल. पण काय विचारायचं, हे कळायलासुद्धा आधी थोडं कळलेलं असावं लागतं, अत्तार."

दारात जेवणाचे डबे घेऊन एक मुलगी उभी होती. सुभद्राबाई पिसाळांच्या खानावळीतून प्रयोगशाळेला डबे येत, आणि शाळेला जाता जाता ते पोचवायचं काम त्यांच्या गोदाकडे होतं. तिनं डबे ठेवले, शेवटचं वाक्य मनात धरलं आणि ती निघाली. तिला ते फार पटलं होतं. गणिताच्या तासाला तिची गत अगदी तशीच होत असे.

आता गोदाचं दुखणं सांगायला हवं. तिला वाटाड्या व्हायचं होतं. नभनौकेच्या नाकाशी काचेच्या खोपटात बसून वारा कुठून येतो, किती येतो, त्याचा हिशेब मांडून नौकेला वाट दाखवणारा माणूस म्हणजे वाटाड्या. लहानपणापासून पसरणीच्या घाटावरून धुक्यातून निघणारी नौका दिसली, की ही हातातलं काम टाकून अंगणात धावायची. पाचगणीला वाटाड्यांची शाळा होती. शेवटच्या इयत्तेतली गणिताची बारीक पुस्तकं बघून ते मुलं निवडत, आणि तेही एकदाच. यंदा गोदाची शेवटची इयत्ता होती, आणि वजा चिन्ह दिसलं तरी ती पान उलटून टाकायची.

दिवाळी सरली की शाळेचं वर्ष सुरू व्हायचं आणि गणपतीघाटावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. मायलेकी सकाळीच गेल्या.

"आवं, त्ये बारकं दाखवा की," सुभद्राबाईंनी बोट दाखवलं.

"त्ये पहिल्या आलेल्या पोराचं हाय, ताई," पुस्तकवाला हसला. "बंगलेवाल्यांनी सांगून ठेवलंय." त्यानं भाव सांगितला तेव्हा सुभद्राबाईंनी नुसताच पदर तोंडाला लावला.

गोदाचं लक्ष मात्र खाली होतं. पुस्तकवाल्याचं बाकडं एका बाजूला डुगडुगू नये म्हणून पायाखाली एक टुम्म फुगलेलं पुस्तक सारलेलं होतं.

"ते?"

"त्यो ढोल्या?" पुस्तकवाल्याला हसू आवरेना. "घे बाय, घे, च्यापाण्याच्या भावात घे. पर एक सांगून ठेवतो, लई जणांनी नेला. जो नेतो त्यो वर्साच्या शेवटाला परत आणून टाकतो, हाय तसाच फुगीर. कुणाच्यानं उतरंना झालाय."

"आगं गोदे, ह्ये काय उचललंस?" आई कळवळून म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

पण दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतंच. घरी आल्यावर आईनं ढोल्याला तपकिरी कागदाची दोन-दोन कव्हरं घातली, वरून दोरीनं करकचून बांधलं, आणि शेजारणीला दिसू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवलं.

गोदा पहाटेच घाटावर जाऊन बसायला लागली. धुकं इतकं दाट असायचं की शेवटच्या पायरीवर बसलं की नदी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. तिनं पहिलं पान उघडलं. समासात फिकट निळ्या शाईनं एक ओळ उमटली होती.

"वजा गुणिले वजा म्हणजे अधिक? का हो? दोन आजारी माणसं शेजारी शेजारी निजवली तर बरी होतात का?"

गोदा खुदकन हसली. मग तिला एकदम रडू यायला लागलं. हाच प्रश्न ती किती वर्षं पोटात घेऊन हिंडत होती! विचारायची लाज वाटली आणि धीरही झाला नाही. आणि इथे कुणीतरी तो खुशाल, मोठ्यानं विचारून टाकला होता.

खाली उत्तर होतं. "एक रेघ काढ, तिच्यावर उभा राहा. आता मागे तोंड कर. आणि पाठीकडे पावलं टाक. कुठे निघालास?"

गोदा उठली. घाटावर पाठमोरी उभी राहिली आणि एक-एक पाऊल मागे टाकत गेली.

"पुढे!" ती ओरडली आणि स्वतःच दचकली. धुक्यात कुणी नव्हतं. तिनं शेजारचं गणित सोडवलं, बरोबर आलं. निळी ओळ जराशी थरथरली आणि मावळली. पान सपाट झालं.

तिनं त्या न पाहिलेल्या पोराचं नाव धोंडू ठेवलं. आई चिडली की तिला 'धोंडे' म्हणायची, म्हणून हा तिचा भाऊ. धोंडूला काहीच चटकन कळत नसे. अपूर्णांकानं भागताना तो भांडायलाच उठला होता, "खालच्याला उलटा का टांगायचा? त्यानं काय गुन्हा केलाय?" आणि खाली उत्तर होतं, चार भाकऱ्या आहेत, माणशी अर्धी वाढायची, तर किती जण जेवतील? गोदा खानावळीतली पोर. आठ, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. चार भागिले अर्धा म्हणजे चार गुणिले दोन! अगं बाई, हे तर मी रोज दुपारी करते, तिला वाटलं.

धोंडू जिथे अडे तिथेच गोदाही अडायची. पण तिला विचारावं लागत नसे, त्यानं आधीच विचारून ठेवलेलं असायचं. त्यामुळे तिच्या नावावर सूज चढत नव्हती, उलट उतरत होती. कधी कधी पहाटेच्या गारव्यात तिचा डोळा लागायचा आणि तिला तो दिसायचा, खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला, नेहमी पाठमोरा. "ए गोदे," तो म्हणायचा, "तुला तरी कळलं का गं?" जाग आली की पायरीवर नुसतं दव असायचं.

माझ्याहून ढ माणूस जगात आहे, आणि तोसुद्धा विचारत विचारत शेवटच्या पानापर्यंत पोचलाय, मग मला का नाही कळणार, या एका विचारावर ती भराभर पुढे गेली. वर्गात बारीक पुस्तकंवाली पोरं ओठ आवळून बसलेली असत आणि गोदा फळ्यावर गणितं सोडवत असे. गुरुजी चष्मा पुसून पुन्हा बघायचे.

फक्त एक झालं. पुस्तक उतरत गेलं तसा धोंडू कमी होत गेला. काल होती ती ओळ आज नसायची. गणित सुटल्याचा आनंद व्हायचा आणि मागोमाग चुटपुट लागायची. पौषात तिच्या लक्षात आलं, की ती मुद्दाम हळू वाचतेय.

पौषातच प्रयोगशाळेत पुस्तकांची मधली तपासणी असे. ती डबे घेऊन गेली तेव्हा ढोल्या अत्तारच्या टेबलावर नाडीदर्शकाखाली उघडा पडला होता. हे यंत्र कागदावर जुन्या बोटांनी सोडलेल्या नाड्यांचे माग एकाखाली एक असे दाखवत असे.

"मॅडम, जरा इकडे येता का?" अत्तार म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. "ह्या पुस्तकावर सहा जणांच्या बोटांचे माग आहेत, गोदाच्या आधीचे. पण प्रश्न सगळे एकाच्या तोंडचे. सहाही जणांनी तेच विचारलंय, शब्द न शब्द तसंच."

"नक्कल केली असेल."

"ज्या प्रश्नानं आपलं पुस्तक फुगतं त्याची नक्कल कोण करील? आणि हे बघा. अडलेल्या माणसाची नाडी उडते ना? ही बघा, शांत. ही पण शांत. वरच्या पाचही शांत. यांना उत्तर येत होतं, मॅडम. येत असून विचारलंय."

मेढेकर खाली वाकल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "आणि सहावी?"

"सगळ्यात तळाची ना? ती खरीच उडतेय. प्रत्येक पायरीवर. पोरगं पायरी-पायरीला अडखळलंय, पण एकाही पायरीवरनं उठून गेलेलं नाही."

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "हे पाच जण पहिले यायला हवे होते. आणि त्यांच्यावर शिक्का बसला ढ."

"मंडळाला कळवू या. शांत नाडीची सूज धरू नका म्हणावं."

"कळवा! उद्यापासून गल्लोगल्ली शांत नाडीनं अडखळायचे क्लास निघतील. पोरं फी भरून खोटं खोटं पुटपुटतील आणि पुस्तकांत नुसता केर साचेल. नाही, अत्तार. हे आपल्या तिघांत—" बाई थबकल्या. तिसरी गोदा होती. "तू ऐकलंस?"

"हो."

"मग विसरून जा. इकडे बघ, तुझं पुस्तक निम्मं उतरलंय. शेवटच्या इयत्तेची मोजणी पाचगणीच्या निवडीसाठी माघातच उरकतात. अशीच चाललीस तर पाचगणीची जागा तुझी. मी स्वतः खात्रीनं सांगते. कळलं?"

"बाई, पण त्या पाच जणांनी असं का केलं असेल?"

"मला कळलं असतं तर मी एवढी वैतागले असते का!" मेढेकर म्हणाल्या, आणि डबा न उघडताच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

माघात मोजणीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गोदाच्या पुस्तकात धोंडूचा एकच प्रश्न उरला होता. ताटातला पेढा शेवटी खायला ठेवावा तसा तिनं तो राखून ठेवला होता. "समोरच्या घाटावर जायचंय, तर होडीचं तोंड समोर का नाही ठेवत? नावाडी वेडा आहे का?"

उत्तर तिला कधीच कळलं होतं. नदी होडीला खाली ओढते, म्हणून तोंड थोडं वरच्या अंगाला धरायचं, म्हणजे नदीची ओढ आणि आपली वल्ही मिळून नीट समोर पोचवतात. नदीच्या जागी वारा घातला की तेच वाटाड्याचं गणित. तिनं सोडवलं. कोन बरोबर आला. ओळ थरथरली आणि गेली.

आईनं दोरी सोडली, कव्हरं काढली आणि पुस्तक हातात घेऊन मटकन खाली बसली. "पापड झाला गं माझ्या बाय! पापड झाला!" तिनं लेकीची दृष्ट काढली, वाटीत साखर घेतली आणि गल्लीभर वाटत थेट प्रयोगशाळेपर्यंत गेली.

गोदा पुस्तक घेऊन घाटावर आली. धुकं अजून उठलं नव्हतं. तिनं पान उघडलं. 'म्हणून उत्तर सात.' दुसरं उघडलं. 'म्हणून सिद्ध.' सगळीकडे पांढरे, मुके समास. सगळं येत होतं आणि बोलायला कुणी नव्हतं. खालच्या पायरीकडे तिनं बघितलं, तिथे नुसतं पाणी होतं. तिला धोंडूची फार आठवण आली.

"नावाडी वेडा आहे का?" ती हळूच म्हणाली.

पान जरासं उबदार झालं. निळी ओळ उमटली.

"आलास?" गोदा म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. त्याच क्षणी तिला कळलं, उत्तर येत असून ते पाच जण का पुटपुटले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनाही असंच करमेनासं झालं असणार, दुसरं काय!

इथे थांबता आलं असतं. एखाद्या ओळीची सूज मंडळ धरत नसे. पण तिला बाकड्याचा पाय आठवला. कार्तिकात पुन्हा बाजार भरेल, ज्याला बारीक परवडत नाही असं कुणीतरी हे पुस्तक घेऊन जाईल. ओठ आवळून वजा चिन्हाकडे बघत बसेल, आणि शेजारी कुणीच नसेल.

ती एक पान मागे गेली आणि पुटपुटली. मग आणखी एक. धोंडूचं सगळं बोलणं तिला पाठ होतं, लकबीसकट.

दुपारकडे धुकं विरळ झालं आणि डोक्यावर गुणगुण ऐकू आली. पसरणीच्या घाटावरून नभनौका येत होती, उन्हात मोत्यासारखी फिकट, आणि तिच्या नाकाशी काचेच्या खोपटात कुणीतरी बसलेलं दिसत होतं. गोदानं पुस्तक मिटलं. ती उभी राहिली आणि नौका पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिला जायचं होतं. मनापासून, जीव तोडून तिला तिथे जायचं होतं. बराच वेळ तिनं पुस्तक उघडलंच नाही.

मग ती परत बसली. "त्यानं काय गुन्हा केलाय?" ती म्हणाली, आणि अपूर्णांकाचं पान भाकरीसारखं टम्म फुगलं. घाटावर दिवे लागले तेव्हा ती पहिल्या पानापाशी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी मेढेकरांनी सूजमापकाचे जबडे पुस्तकावर मिटले आणि काटा एका टोकाला जाऊन थडकला.

"काल तुझी आई इथे साखर वाटून गेली!" त्या किंचाळल्याच. "काय केलंस हे? पाण्यात पडलं का? गोदा, बोल ना!"

अत्तारनं नाडीदर्शक लावला. पडद्यावर एक रेघ सावकाश सरकत गेली. "शांत आहे, मॅडम," तो म्हणाला.

"मूर्ख मुली!" मेढेकरांचा आवाज फुटला. "मी तुला बजावलं होतं! ती जागा तुझी होती! का केलंस?"

"करमेना, बाई."

"काय?"

"धोंडू गेल्यावर करमेना. म्हणून हाक मारली. मग वाटलं, मला एवढं करमत नाही, तर ज्याला तो अजून भेटलाच नाही त्यानं काय करायचं?"

धोंडू कोण, हे बाईंनी विचारलं नाही. त्या खुर्चीत बसल्या. "काटा मी हातानं मागे सारते," त्या हळू म्हणाल्या. "बारीक म्हणून शिक्का मारते. कोण बघायला येतंय!"

"मंडळाची माणसं पाचगणीला पुस्तक पुन्हा हातात घेऊन बघतात. बारीकचा शिक्का आणि पुस्तक असं. जप्त करतील ते, मग बाजारात कसं जाईल?" गोदानं शाईची गादी त्यांच्यापुढे सरकवली. "फुगीरचा मारा ना, बाई."

मेढेकरांनी शिक्का उचलला. आपल्या पुस्तकाचा त्यांना जन्मात कधी वाटला नव्हता इतका अभिमान त्या घटकेला वाटला, आणि तितकीच त्याची लाज वाटली. त्यांनी शिक्का मारला आणि तोंड फिरवलं.

आई कितीतरी दिवस बोलली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "असला खुळा कारभार तुझ्या बाचा असायचा. समदी त्येच्यावर गेलीस." आणि गरम भाकरी तिच्याच ताटात टाकली. अत्तारच्या ओळखीनं गोदाला पाचगणीच्या पठारावर काम मिळालं. उतरणाऱ्या नौकांचे दोर झेलायचे आणि खांबाला बांधायचे. दोर बांधता बांधता ती निशाणाकडे बघून वाऱ्याचा कोन काढायची. तो कुणी विचारत नसे आणि ती कुणाला सांगत नसे. वर जाणाऱ्या नौकेचा दोर मात्र ती दर वेळी अगदी शेवटच्या क्षणी सोडायची.

दिवाळीनंतर रजेवर ती वाईला आली आणि सवयीनं पहाटे घाटावर गेली. धुकं तसंच दाट होतं. पायऱ्यांवरून कुणाची तरी चाहूल लागली. ती थांबली. धुक्यातून एक अनोळखी मुलगी पाठमोरी, एक-एक पाऊल मागे टाकत, तिच्याच दिशेनं येत होती.

"पुढे!" मुलगी ओरडली आणि गोदावर येऊन आदळली.

"अगं, लागलं का?"

"नाही, ताई." मुलगी लाजली. पायरीवर टुम्म फुगलेलं पुस्तक उघडं पडलं होतं. गोदानं तिकडे बघितलं हे पाहून तिनं घाईनं शिक्क्यावर हात ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. "बाजारात सगळ्यात स्वस्त हेच होतं. कुणीतरी ढ मुलगी होती म्हणे आधीची. पण इतकी मजा येते! ती ना, काहीही विचारते. मी तिचं नाव ढब्बू ठेवलंय. माझ्याहून ढ आहे, ताई! ती शेवटच्या पानापर्यंत पोचली म्हणजे मी नक्कीच पोचेन."

गोदाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ती तिच्या शेजारी पायरीवर बसली. "हळू वाच हं," ती म्हणाली.

"का?"

"कळत गेलं की ती जाते."

मुलगी विचारात पडली. धुक्यात कुठेतरी वर एक नौका गुणगुणत पाचगणीकडे चालली होती.

"मग मी परत हाक मारीन की," मुलगी म्हणाली आणि तिनं पान उलटलं.